पाण्याची बातमी

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्या मित्राला तर नाहीच. त्या उन्हाळ्यात धरणातलं पाणी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी सुटणार आहे, हे मला आधी कळलं होतं. ते सांगणं माझंच काम होतं आणि मी सांगितलं नाही. विसरलो नव्हतो, निरोप चुकला नव्हता, आजारीही नव्हतो. मला माझ्या मित्राचा मत्सर वाटत होता, म्हणून सांगितलं नाही.

एवढी चार वाक्यं लिहायला मला दहा-बारा वर्षं लागली. मुळात मी कमी बोलणारा माणूस. लोक त्याला शालीनता समजतात आणि मी समजू देतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशकात पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत कारकून होतो. वडील गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यजमानांची धार्मिक कामं करायचे. येणाऱ्या भाविकांचे पूर्वज त्यांना तोंडपाठ होते, पण घरातल्या मुलांचे वाढदिवस आठवायचे नाहीत. मला तो व्यवसाय नको होता. नोकरी लागली आणि रविवार मोकळा मिळाला. त्या रविवारांत मी पक्षी बघायला लागलो. मामांनी मुंबईहून एक जुनी दुर्बीण दिली होती, तिच्या एका भिंगाला तडा होता. ती गळ्यात अडकवली की मी कुणीतरी आहे असं मला वाटायचं.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथे इंग्रजांच्या काळातला एक बंधारा आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचत साचत गेला आणि उथळ पाणी, लव्हाळी, चिखल, मधूनच वर आलेली बेटं असा मोठा पसारा तयार झाला. समुद्र तिथून कितीतरी लांब, मध्ये सगळा घाट. तरी थंडीत सकाळी काठावर उभं राहिलं की खाडीवर आल्यासारखं वाटतं. ओल्या गाळाचा तसाच वास, तशाच पाण्यावर बसलेल्या बदकांच्या रांगा. त्या काळी तिथे अभयारण्य वगैरे काही नव्हतं. कुणीही यावं, जाळी लावावी, पोत्यात बदकं भरून बाजारात न्यावीत.

आम्ही सात-आठ जण दर रविवारी एसटीने जायला लागलो. एक निवृत्त पोस्टमास्तर होते, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बाकीचे माझ्यासारखेच, कुणी बँकेत, कुणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. मंडळ मीच सुरू केलं होतं. ही गोष्ट मी त्या काळात बऱ्याच वेळा, सहज बोलता बोलता आल्यासारखी सांगायचो. आम्ही लव्हाळ्यांतले फासे काढायचो, जाळी लावणाऱ्यांशी वाद घालायचो, पाणथळीत माजणारी बेशरमाची झुडपं तोडायचो. बेशरम पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा वाढलेला असायचा.

मित्राला मंडळात मीच आणलं. तो नाशिक रोडच्या एका शाळेत शिक्षक होता आणि तिथल्याच एका वसाहतीत राहायचा. त्याचं घर बौद्ध. हे लिहायची गरज का, असं कुणी विचारील. गरज आहे. भिक्षुकाच्या घरातला मी, मी त्याच्याशी मैत्री केली, त्याला माझ्या शेजारी बसवून एसटीने नेलं, याचं मला आतून फार कौतुक होतं. मी त्याला वर आणतोय असं वाटायचं. त्याला वर यायला माझा हात लागत नव्हता, हे कळायला मला एक हिवाळा लागला, आणि कळल्यावर ते सहन झालं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या मत्सरात जातीचा काही संबंध नव्हता. पूर्ण खरं नाही ते.

महिनाभरात त्याला पक्ष्यांची नावं आली. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, शिक्षक होता, पाठांतराची सवय होती. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तो काठावरच्या गावात गेला की बायका हातातलं काम न सोडता त्याच्याशी बोलायच्या. मी गेलो की काम थांबवून, पदर सावरून उभ्या राहायच्या. मला त्या साहेब म्हणायच्या. त्याला दादा.

मला बसायला लोखंडी खुर्ची आणायच्या, चहा कपबशीतून द्यायच्या. तो बांधावर उकिडवा बसून त्यांच्यातलीच भाकरी मोडून खायचा, वर म्हणायचा, "आज मीठ कुणी टाकलं? सासूबाईंशी भांडण झालेलं दिसतंय." त्या हसायच्या. मी लांबून खुर्चीत बसून दुर्बीण डोळ्याला लावायचो आणि ज्या बाजूला एकही पक्षी नाही तिकडे बघत राहायचो.

पक्षीसुद्धा त्याला माझ्यापेक्षा जवळ येऊ देतात असं मला वाटायला लागलं होतं. हे हसण्यासारखं आहे, मला समजतं. पण ते तेव्हा मला अगदी खरं वाटायचं.

आता गाळपेराचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळ्याकडे बंधाऱ्यामागचं पाणी ओसरतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती कसायला देतात, तिलाच गाळपेर म्हणतात. खत लागत नाही, काकडी, डांगर, खरबूज नुसतं टोचलं तरी येतं. अट एवढीच, की वरच्या धरणातून कालव्यांसाठी पाणी सोडलं आणि बंधाऱ्यामागे ते चढलं, तर गेलेलं पीक ज्याचं त्याचं.

नेमक्या त्याच गाळावर, त्याच दिवसांत, शेकाट्या अंडी घालतो. शेकाट्या म्हणजे काळ्यापांढऱ्या रंगाचा, लाल काड्यांसारख्या लांब पायांचा पक्षी. चिखलाच्या बोटभर उंचवट्यावर चार काटक्या टाकायच्या आणि अंडी घालायची, एवढंच त्याचं घरटं. काकडीची आळी करताना ती अंडी खुरप्याखाली यायची, पायाखाली यायची.

गावातली एक मावशी, नवरा गेलेली, पाण्याला लागून असलेला सगळ्यात मोठा तुकडा कसायची. तिच्याच जमिनीच्या टोकाला सगळ्यात जास्त घरटी. मित्राने तिला म्हटलं, "मावशी, ते टोक यंदा पेरू नका. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तसंच राहू द्या."

"आन् मला काय त्याचं?"

"तुम्हांला काय हवं?"

मावशीने खुरपं मातीत खोचलं. "पानी कवा येतंय ते सांगशील? दर साली येतं आन् निम्मं घिऊन जातं. दवंडी येती तवर पानी आळ्यात शिरलेलं आसतं."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. "हा आमचा मित्र पाण्याच्याच खात्यात आहे. याला सगळ्यांच्या आधी कळतं."

मावशीने मला नीट न्याहाळलं. "ह्ये साहेब? ह्ये तर बोलतबी नाय."

"बोलत नाही, पण सांगतो."

"मग तू सांग. मी तुजा शबुद धरते, त्यांचा नाय."

तो करार तसा झाला. ती टोक सोडणार आणि आम्ही पाण्याची बातमी आणणार. शब्द त्याचा आणि बातमी माझी. त्या सगळ्या खटाटोपात माझ्यावाचून अडेल अशी तेवढी एकच गोष्ट होती.

पहिल्या वर्षी सगळं नीट पार पडलं. पाण्याचा दिवस कचेरीत ठरला त्याच संध्याकाळी मी सायकल मारत नाशिक रोडला गेलो, त्याला सांगितलं, तो दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एसटीने गावात पोचला. बायकांनी तयार माल काढून घेतला. मग घरटी उचलायचं काम. उचलायची म्हणजे हातात घ्यायची नाहीत. पाणी वाढलं की शेकाट्या स्वतःच चोचीने काटक्या, चिखल सारून घरटं उंच करतो, हे मित्राने पाहिलं होतं. पण पाणी त्याच्या चोचीपेक्षा वेगाने चढतं. म्हणून बायका अंड्यांच्या बाजूने ओल्या गाळाचा थर द्यायच्या, अंडी अलगद वर घ्यायच्या आणि लांब जाऊन बसायच्या. पक्षी परत येऊन अंड्यांवर बसला की थोड्या वेळाने दुसरा थर. एकदम ढीग केला तर पक्षी घरटं सोडून जातो. दिवसभर ते चालायचं. त्या जागेला मावशीने बाळंतिणीची खोली असं नाव दिलं होतं. कुणी पोर तिकडे वळलं की ती ओरडायची, "तिकडं नको मरायला, बाळंतिणीची खोली हाय."

पाणी आलं. उंच केलेली घरटी पाण्यात बेटांसारखी राहिली. बायकांनी मित्राला डांगराची भाजी आणि भाकरी खायला घातली. मलाही घातली. पण मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुजा शबुद खरा निगाला, दादा." मी समोरच बसलो होतो. बातमी माझी होती, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. तो मात्र म्हणाला, "खरं काम याचं आहे, मावशी." मावशी म्हणाली, "व्हय, साहेबबी चांगले हायेत."

त्या 'बी'ने मला वर्षभर पोखरलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या भागाचं अभयारण्य करावं अशी बोलणी सुरू झाली होती. वनखात्याचे एक मोठे साहेब एका रविवारी घरटी पाहायला येणार असं ठरलं. गावकऱ्यांनी स्वतःहून जमीन सोडली आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. आदल्या रविवारी आम्ही अण्णांच्या ओटीवर जमलो. साहेबांना कुणी फिरवायचं, हा प्रश्न माझ्या मते नव्हताच. मंडळ माझं, सरकारी कागदांची भाषा मला येणारी.

अण्णा म्हणाले, "गुरुजींनीच दाखवावं. गावात त्यांचाच शब्द चालतो." मग माझ्याकडे वळून, अगदी लाडाने, "आणि तुम्ही दुर्बीण धरा."

सगळे हसले. मित्रही हसला. मीही हसलो.

गुरुवारी दुपारी कचेरीत टेलिफोन आला. खाली मागणी वाढली होती, पाणी पुढच्या आठवड्याऐवजी उद्याच सोडायचं ठरलं होतं. उद्या सोडलं म्हणजे परवा, शनिवारी, ते बंधाऱ्याला पोचणार. मी ते आमच्या कचेरीतल्या साहेबांच्या टेबलाशी उभा राहून ऐकलं आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. पहिला विचार मावशीचा आला. डांगरं भरत आली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती आणि तिची लेक मालेगावकडे दिलेली. माल विकून आखाजीला लेकीला माहेरी आणायची, हे ती आम्हांला सगळ्यांना सांगत सुटली होती. म्हणजे पिकाचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं म्हणायची सोय मला नाही. पुष्कळ वर्षं मी तसं म्हणत होतो, स्वतःशीच. पिकाचा विचार आला होता, तोही सगळ्यात आधी.

संध्याकाळी सायकल काढून मी नाशिक रोडला निघालो. सांगायलाच निघालो होतो. हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगू शकतो, पण त्याने काही फरक पडत नाही.

मित्र बाहेरच्या खोलीत चटईवर घोंगडी पसरून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होता. कोळशाची इस्त्री. त्याची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या भाऊजी. बघा तुमचे मित्र. लग्नातसुद्धा एवढी इस्त्री केली नव्हती यांनी."

"लग्नात तुझ्या भावाने केली होती," तो म्हणाला. "कॉलर जाळली होती त्याने. मी दिवसभर मान वाकडी करून बसलो, फोटोत बघ."

"मान तशीच आहे अजून. भाऊजी, चहा घेणार ना?"

मी बसलो. चहा आला. तो रविवारबद्दल बोलत होता. साहेबांना आधी बांधावरून सगळं दाखवायचं, मग मावशीलाच बोलू द्यायचं, आपण मागे उभं राहायचं. तो माझ्याशी नेहमीसारखाच बोलत होता, काही ठसका नाही, काही तोरा नाही. तो तोऱ्यात बोलला असता तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. तो खरोखरच मागे उभा राहणार होता, आणि तरीही सगळं त्याचंच होणार होतं, हे मला दिसत होतं.

"पाण्याचं काही?" त्याने विचारलं.

मी कप खाली ठेवला. "सांगतो," असं म्हणायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि हो, तू दुर्बीण नक्की आण हं. साहेबांना लांबून दाखवावं लागेल."

"अजून आठवडा आहे पाण्याला," मी म्हणालो.

"नक्की?"

"वेळापत्रकात तसंच आहे."

वेळापत्रकात खरंच तसं होतं. बदल टेलिफोनवर आला होता. उद्या कुणी विचारलं तर माझं वाक्य खोटं ठरणार नव्हतं, आणि हे बोलतानाच माझ्या लक्षात आलं होतं. इतकं स्वच्छ डोकं माझं एरवी कधी चालत नाही.

तो म्हणाला, "मग बरं झालं. तोवर बरीचशी पिल्लं बाहेर पडतील." त्याने इस्त्री उचलून शर्टाची दुसरी बाही पुढे ओढली.

शुक्रवारी मी संध्याकाळी गंगेवर गेलो. धरणातून सुटलेलं पाणी आधी नाशकातूनच वाहत जातं. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. वडील सोवळ्याची पिशवी घेऊन वरच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "आज पाणी चांगलं आलंय. जरा निर्मळ होईल सगळं." मी बघत राहिलो. माझ्या समोरून जाणारं ते पाणी दुसऱ्या दिवशी मावशीच्या काकडीत शिरणार होतं. निफाडकडे जाणारी गाडी अजून होती. सायकल होती. नाशिक रोडला जाऊन "अरे, बदललं बरं का" एवढं म्हणता आलं असतं, आणि गुरुवारचं खोटं झाकून गेलं असतं. मी वडिलांबरोबर घरी गेलो आणि जेवलो.

माझ्या मनात काय चित्र होतं, तेही लिहितो. रविवारी साहेब येतील, मित्र बोलत बोलत त्यांना टोकापर्यंत नेईल आणि टोकच नसेल. बस, एवढंच. तो इस्त्रीचा शर्ट घालून पाण्याकडे बघत उभा राहील. एकदा तरी त्याला माझ्यासारखं उभं राहायला लागेल.

रविवारी आम्ही फाट्यावर उतरून चालत गेलो. बांध चढलो आणि सगळे जागच्या जागी थांबले. जिथे आळी होती तिथे पाणी होतं. वेलांचे शेंडे पाण्यावर हलत होते. मावशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तरंगणारी कच्ची डांगरं घमेल्यात गोळा करत होती. टोकाच्या जागी नुसतं सपाट पाणी. त्यावर शेकाट्यांची जोडपी घिरट्या घालत होती. पाय लोंबकळत, एकसारखी ओरडत, खाली उतरायला बघत आणि पुन्हा वर जात.

मावशीने मित्राला पाहिलं. घमेलं काखेला लावून ती काठाकडे आली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही.

"तू म्हनला व्हतास पानी यायच्या आदी सांगशील."

"हो, मावशी."

"काल दुपारी आलं. मी वाट बघितली तुजी. बाकीच्या म्हनत व्हत्या, काढून घे, पान्याचा वास येतुया. मी म्हनलं, दादा आल्याबिगर पानी येत नसतं."

मित्राने वळून माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही, फक्त विचारण्यासाठी. "तुला कळलं नव्हतं का रे?"

"ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "वरून एकदम सोडलं."

त्याने मान हलवली. माझं म्हणणं त्याने जसंच्या तसं घेतलं. मग तो चपला काढून पाण्यात उतरला, इस्त्रीच्या शर्टासकट, आणि मावशीसमोर उभा राहिला.

"चूक माझी आहे, मावशी. शब्द मी दिला होता."

बातमी दुसऱ्याची होती, असं तो म्हणाला नाही. माझ्याकडे त्याने बोटही केलं नाही. मी कोरड्या बांधावर, गळ्यात दुर्बीण अडकवून उभा होतो. मला त्या क्षणी लाज वाटली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याचा आणखी मत्सर वाटला. बुडतानाही तो माझ्यापेक्षा मोठाच राहिला होता.

वनखात्याचे साहेब जीपने आले, पाणी बघितलं, हिवाळ्यात पुन्हा येऊ म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते. मित्राने त्यांच्यापुढे कसलीच सारवासारव केली नाही. शेवटी मीच पुढे होऊन बोललो, बदकांविषयी, रोहित पक्ष्यांविषयी, पाणथळ जागेच्या महत्त्वाविषयी. छान बोललो. परतीच्या एसटीत अण्णा म्हणाले, "आज तुम्ही होतात म्हणून निभावलं."

मावशीची लेक त्या आखाजीला आली नाही. मित्र दर रविवारी मावशीकडे जात राहिला. नुकसान भरून द्यायला तिच्या शेतात काम मागायचा, ती द्यायची नाही. चहा द्यायची, कपबशीतून. एकदा तिने त्याच्यासाठी आतून खुर्ची मागवली आणि म्हणाली, "बसा गुरुजी." तो खुर्चीत बसला तेव्हा मी तिथेच होतो. मला समाधान वाटलं. हे सगळ्यात अवघड वाक्य आहे, आणि ते लिहून झालं.

पुढच्या उन्हाळ्यात बायकांनी टोकापर्यंत सगळं पेरलं. मित्र बोलायला गेला तर मावशी म्हणाली, "तुमची पाखरं तुमच्या घरी पाळा. मला माजी लेक माहेरी आनू द्या." अंडी खुरप्याखाली गेली. मी त्या वर्षी पाण्याची बातमी वेळेवर आणली, दोन दिवस आधी, आणि स्वतः गावात जाऊन सांगितली. बायकांनी ऐकून घेतली. कुणी विश्वास ठेवला नाही. पाणी सांगितल्या दिवशी आलं तेव्हा एकीने एवढंच म्हटलं, "यंदा कळलं म्हनायचं साहेबांना."

मित्राने हळूहळू येणं कमी केलं. नंतर सिन्नरकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली. लोकांना तोंड दाखवायला लाज वाटते, असं त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं, आणि माझ्या बायकोने मला. "तुम्ही जाऊन समजूत घाला ना त्यांची," ती म्हणाली. मी बघू म्हणालो.

काही वर्षांनी अभयारण्य जाहीर झालं. ते कुणा एकामुळे झालं नाही, पुष्कळांच्या खटपटीने झालं, आणि आमच्या मंडळाचा त्यात थोडा वाटा होता. गावात छोटासा समारंभ झाला. मला व्यासपीठावर बसवलं, शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. मित्राला निमंत्रण पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते मी पाठवलं, या वेळी काही चुकवलं नाही. तो आला नाही.

गेल्या वर्षी सिन्नरच्या स्टँडवर तो भेटला. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. आम्ही उसाचा रस घेतला. त्याने विचारलं, शेकाटे येतात का अजून. येतात म्हटलं. टोकाला? टोकाला नाही, पलीकडच्या बेटावर. मग तो म्हणाला, "मी अधूनमधून मावशीकडे जातो. थकलीय आता. मागे म्हणत होती, त्या साहेबाला पाणी ठाऊक असणार, खात्यातलाच तो. मी सांगितलं तिला, नाही मावशी, त्याला ठाऊक असतं तर तो पळत आला असता."

मी ग्लास ठेवला. गाडी लागली होती, त्याची. तो खिडकीत बसला आणि हात केला. मी हात केला.

कागदावर लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळतं. मला त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून सांगायचं आहे की मला गुरुवारी दुपारी कळलं होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. मग त्याच्याबरोबर मावशीकडे जाऊन तेच, गावातल्या बायकांसमोर, पुन्हा सांगायचं आहे, म्हणजे त्याचा शब्द खोटा पडला नव्हता हे तिला कळेल. त्यानंतर ते मला काय म्हणतील तो त्यांचा प्रश्न. एवढं माझं देणं आहे आणि ते अजून दिलेलं नाही.